तान्ह्या पोळ्याचा उठावदार नंदी : फाईलपासून पाकिटापर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, दुपार कलली की आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत लाकडी चाकांची खडखड सुरू होते. पोरं नटूनथटून निघालेली, हातात दोरी, दोरीला लाकडी नंदी, नंदीच्या पाठीवर झूल. दारात आलेल्या नंदीला ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवायचा. गेली काही वर्षं मी बोजाऱ्याची नोट कार्डात घालून देते. त्या कार्डावरही नंदीच असतो, पण तो कागदातून पाच-सहा मिलीमीटर वर उठलेला. शिंग सगळ्यांत पुढे, त्यामागे मान आणि झूल, त्यामागे धड, आणि पार मागे तोरण बांधलेलं दार. यंदा शेजारच्या काकूंनी एकदम बारा कार्डं मागितली. म्हटलं, काकू, करून देत नाही, शिकवते. हे सगळं त्यांच्यासाठी लिहून काढलंय.

या प्रकाराला थ्रीडी डेकूपाज म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ कापून काढणं. एकच चित्र तीन-चार वेळा छापायचं, दर प्रतीतून थोडा थोडा पुढचा भाग कापायचा आणि फोमच्या तुकड्यांवर एकावर एक चढवायचा. आपल्याकडे ही हौस अगदीच परकी नाही. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या, आणि लोकांनी त्या छापील चित्रांवर जर, टिकल्या, कापड लावून साडी-दागिने उठावाचे केले. तसली एखादी फ्रेम कुठे दिसली तर जवळ जाऊन बघा. जरीपेक्षा जरीखाली पडलेली बारीक सावली जास्त काम करत असते. डेकूपाजचं मर्म तेच: थर चढवायचे ते सावली पडायला जागा व्हावी म्हणून. कुठे काय कापायचं ही शंका आली की सावली कुठे पडेल एवढंच स्वतःला विचारायचं.

आधी पाकीट

बहुतेक जण चित्रापासून सुरुवात करतात आणि शेवटी पाकीट शोधत हिंडतात. उलट करा. सीताबर्डीवर किंवा महाल-इतवारीत लग्नपत्रिकांच्या दुकानांत जी पाकिटं सहज मिळतात ती आधी घ्या, मोजा, मग कार्डाचं माप ठरवा. उठावाचं कार्ड जाड असतं, त्यामुळे पाकीट कार्डापेक्षा लांबी-रुंदीला निदान एक सेंटीमीटर मोठं हवं. माझं ठरलेलं माप ५ बाय ७ इंच, म्हणजे १२.७ बाय १७.८ सेंटीमीटर. उघडलेलं कार्ड २५.४ बाय १७.८ भरतं आणि ते एका ए४ कागदात (२१ बाय २९.७) आरामात बसतं.

दुसरं माप नोटेचं. बोजाऱ्याची नोट दुमडून घालणं मला आवडत नाही. नवी दहाची नोट ६३ बाय १२३ मिलीमीटर, पन्नासची ६६ बाय १३५, शंभराची ६६ बाय १४२, पाचशेची ६६ बाय १५०. कार्ड आडवं धरलं तर यातली कुठलीही नोट सरळ मावते.

फाईल कुठली घ्यायची

विकतच्या आणि फुकटच्या डेकूपाज फाईली दोन जातींच्या असतात. एक पिरॅमिड: तेच चित्र लहान लहान होत गेलेल्या चौकोनांत किंवा गोलांत दिलेलं, नुसतं एकावर एक ठेवत जायचं. कापायला सोपं आणि मुलांसोबत करायला छान, पण दिसायला थोडं जिन्यासारखं. दुसरी टप्प्याटप्प्याची: पहिलं पूर्ण चित्र, मग त्यातले पुढचे पुढचे भाग सुटे करून दिलेले. खरी मजा दुसरीत.

उतरवलेली फाईल झिपमध्ये असेल तर आधी ती उलगडून घ्या आणि मग छापा, नाहीतर अर्धी पानं उघडतच नाहीत. सोबत वापराच्या अटींचा कागद असतो तो वाचा. घरगुती वापरापुरती घेतलेली फाईल छापून कार्डं विकायची नसतात. जुनी चित्रं घ्यायची असतील तर आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांची चित्रं त्यामुळे कधीच मोकळी झाली. तरी देवांची चित्रं मी कार्डावर घेत नाही. लग्नपत्रिकांवरच्या गणपतींचं पुढे काय करायचं हा प्रश्न घरोघरी ड्रॉवरमध्ये साचून आहे, त्यात आणखी भर कशाला?

मला सगळ्यांत आवडते ती तिसरी वाट: आपल्याच घरच्या नंदीचा फोटो. कडक उन्हात काढू नका. फोटोतच गडद सावली आली की नंतर कार्डावर पडणारी खरी सावली तिच्याशी भांडते. सकाळी व्हरांड्यात, पांढरी चादर मागे लावून, मोबाईल नंदीच्या डोळ्याच्या उंचीला धरून, दोनेक मीटर लांबून झूम करून काढा. जवळून काढला तर अलीकडचं शिंग भोपळ्याएवढं येतं. पार्श्वभूमी पुसायची अ‍ॅप्स आता ढिगाने आहेत. पुसलेलं चित्र पीएनजी म्हणून साठवा, जेपीजीमध्ये पारदर्शक भाग टिकत नाही.

चित्र पुरेसं मोठं आहे का, हे एका गुणाकारात कळतं. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरा. माझं चित्र १३ सेंटीमीटर रुंद, म्हणजे साधारण ५.१ इंच, म्हणजे १५३५ पिक्सेल. पूर्ण ए४ पानाला २४८० बाय ३५०८ लागतात. मोबाईलचा फोटो ४००० बाय ३०००चा असला तर चिंता नाही. चिंता व्हॉट्सअ‍ॅपची. फोटो म्हणून पाठवलेलं चित्र तिथे दाबून लहान होतं आणि नंदीच्या डोळ्याचा चिखल होतो. पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पान मांडणं आणि छापणं

लिबरऑफिस ड्रॉ फुकट आहे आणि त्यात चित्राचं माप सेंटीमीटरमध्ये लिहून देता येतं, म्हणून मी ते वापरते. ए४ पान आडवं घ्या. चित्र १३ बाय ९ करा, चार प्रती दोन-दोनच्या ओळीत मांडा; २६ बाय १८ जागा जाते, कडेला समास उरतो. मोकळ्या जागेत प्रत्येक प्रतीला १ ते ४ आकडे टाका. पीडीएफ करून ठेवा.

चारही थर एकाच पानावर, एकाच वेळी छापले गेले पाहिजेत, यात तडजोड नको. मी एकदा दोन थर घरी छापले, शाई संपली म्हणून उरलेले दोन एका झेरॉक्सच्या दुकानातून आणले. तिथे पान ‘फिट’ करून छापलं गेलं, म्हणजे चित्र चारेक टक्के आकसलं. तेरा सेंटीमीटरमध्ये चार टक्के म्हणजे पाच मिलीमीटर! झूल पाठीवर बसेना, डोळा डोळ्यावर येईना. शिवाय एका नंदीला दोन रंगांच्या कातड्या. बारा पानं रद्दीत गेली.

म्हणून प्रिंटच्या खिडकीत ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के हेच निवडायचं. बॉर्डरलेस बंद ठेवायचं, कारण त्यात प्रिंटर कडा भरण्यासाठी चित्र गुपचूप मोठं करतो. पानाच्या कोपऱ्यात १० सेंटीमीटरची एक रेघ ओढून ठेवा. साध्या कागदावर एक पान छापून ती रेघ स्टीलच्या पट्टीने मोजा. बरोबर दहा भरली तरच चांगला कागद घाला. दुकानातून छापून घेणार असाल तर पट्टी पर्समध्ये ठेवा, लाजू नका.

कागदाचा प्रकार मॅट आणि दर्जा ‘हाय’ ठेवा. पडद्यावर दिसतं त्यापेक्षा कागदावर रंग गडद उतरतात; तपकिरी नंदी असेल तर चित्र थोडं उजळून घ्यावं लागतं.

कागदाची गोष्ट, आणि कूलरची

थरांसाठी १३० ते १७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅट कागद. ८०चा झेरॉक्स कागद फोमवर मधोमध लोंबतो, २५०चा कापताना बोटं दुखतात. चकचकीत फोटो पेपर टाळा: कापलेली कड पांढरी दिसते, वाकवला की चिरतो आणि चकाकीत सावली हरवते. कार्डाच्या तळासाठी २५० ते ३०० जीएसएम, आयव्हरी शीट उत्तम. ती छापायची गरज नाही. पहिल्या वर्षी मी ३००चा कागद घेऊन दुकानात गेले तर तिथले भाऊ म्हणाले, “ताई, हा लय जाड आहे, मशीन नाही ओढत याले.” घरच्या प्रिंटरचंही तेच, किती जाड कागद चालतो ते त्याच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, त्याच्या पुढे जाऊ नका.

घरच्या इंकजेटच्या रंगीत शाया बहुधा पाण्यात विरघळणाऱ्या असतात, छापील पान रात्रभर सुटं वाळू द्या. लेझर प्रिंटला गोंदाची भीती नाही, पण घडीवर रंग आला तर तो तडकून पांढरी रेघ उमटते. थरांना घडी नसल्यामुळे लेझर चालतं.

आता आपल्या गावचा खास त्रास. उन्हाळ्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो आणि कोरड्या हवेत कागदाच्या कडा पापडासारख्या वळतात. म्हणून आपण कूलरसमोर बसतो, तर कूलरची ओली हवा कागदात शिरते: पानं एकमेकांना चिकटतात, प्रिंटर दोन-दोन ओढतो, शाई पसरते. कार्डं पोळ्याला लागत असली तरी मी पान मे महिन्यातच छापून ठेवते, सकाळी सात-साडेसातला, कूलर बंद ठेवून. श्रावणातली हवा त्याहून वाईट. उरलेला कागद झिपच्या पिशवीत, बुटांच्या खोक्यातून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. त्या पुड्या फेकायच्या नाहीत, पोरांच्या हाती मात्र लागू द्यायच्या नाहीत.

कुठला थर कुठे

हा भाग हातात कात्री घेण्याआधी पेन्सिलने करायचा. नियम एकच: जे ज्याला झाकतं, ते त्याच्या वर.

पहिली प्रत अख्खी राहते. तोरण, दार, जमीन, नंदी सगळं तिच्यात. दुसरीतून पूर्ण नंदी पाटासकट आणि चाकांसकट बाहेर काढायचा, पलीकडचे पायही यातच राहू द्यायचे. तिसरीतून मान-डोकं, वशिंड, झूल, अलीकडचे दोन पाय आणि अलीकडची चाकं. चौथीतून फक्त अलीकडचं शिंग, घुंगरमाळ आणि झुलीचा गोंडा. शेपूट आणि दोरी यांचा मोह सोडा. दोन मिलीमीटर रुंदीच्या तुकड्याखाली फोम लपत नाही, आणि शेपटीची सावली कुणी बघत नाही.

दर थर खालच्यापेक्षा लहान असायला हवा. तिसऱ्या थराची कड दुसऱ्याच्या कडेशी जिथे तंतोतंत जुळते तिथे बाजूने भिंत दिसते, सावली नाही. पाठीची रेघ अशीच असते. तिथे मी झूल पाठीच्या कडेपासून दोन मिलीमीटर आत कापते.

कापणं

पेन कटर, नवीन पातं, स्टीलची पट्टी आणि टोकाला वाकलेली नखांची कात्री. कटिंग मॅट नसेल तर जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे एकावर एक ठेवा. काचेवर कापू नका, पातं दोन कार्डांत बोथट होतं. बोथट पातं कागद फाडतं आणि बोटावर घसरतं. पात्याचं टोक मोडायला कंजूषपणा नको. मोडलेली टोकं जुन्या गोळ्यांच्या बाटलीत जमा करा.

आधी आतल्या खिडक्या कापायच्या: पायांमधली जागा, शिंगांमधली जागा. बाहेरची कड शेवटी, म्हणजे तोवर धरायला कागद राहतो. रेघेच्या बाहेरून कापलं की पांढरी किनार उरते, म्हणून रेघेच्या अर्धा मिलीमीटर आतून जा. पातं किंचित तिरपं धरून कड आतल्या बाजूला कललेली कापली तर कागदाचा पांढरा गाभा समोरून दिसत नाही. कात्री वापरताना कात्रीचा हात स्थिर आणि कागदाचा हात फिरता. हे माझ्या आईने गणपतीच्या मखराच्या जाळ्या कापताना शिकवलेलं, आणि त्याला तोड नाही.

मग कडा रंगवायच्या. तपकिरी स्केचपेन आडवं धरून नुसत्या जाडीवरून फिरवा. दोन मिनिटांचं काम, पण कार्ड घरी केलेलं की विकतचं हे इथे ठरतं. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात.

चढवण्याआधी तुकड्यांना थोडा बाक द्या. झूल उलटी करून लाटण्यावर हलकेच गुंडाळा. वशिंडाचा भाग माउसपॅडवर पालथा ठेवून चमच्याच्या पाठीने गोल गोल दाबा, म्हणजे समोरून फुगवटा येतो. शिंगाला बोटांच्या चिमटीत नुसता इशारा पुरे.

चढवणं

पहिली प्रत तळाच्या कार्डावर सपाट चिकटवा, ग्लू स्टिकने. फेविकॉल ओला असतो, कागदाला सुरकुत्या आणतो आणि शाई पसरवतो. वापरलाच तर टूथपिकने, टिपक्यांत.

पुढच्या थरांना दोन मिलीमीटरची डबल साइड फोम टेप. पाच मिलीमीटरचे चौकोन कापा, कडेपासून तीन-चार मिलीमीटर आत लावा, मधला भागही रिकामा सोडू नका नाहीतर पाकिटात दबून खड्डा पडतो. फोम कापताना पात्याला डिंक चिकटतो, पात्याला तेलाचं बोट लावलं की सुटतो; नंतर पातं पुसून घ्या, कागदाला डाग नको. फोम टेप न मिळाल्यास कुरिअरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे चालतात, फक्त सगळे एकाच खोक्याचे घ्या, उंची सारखी राहते.

फोमचा एक दोष: टेकला की टेकला, सरकवता येत नाही. म्हणून वरचा कागद सगळ्या तुकड्यांवरून एकदम सोलायचा नाही. दोन तुकडे उघडे करा, थर अधांतरी धरून डोळ्यावर डोळा जुळवा, तेवढे दोन टेकवा, लांबून बघा, आणि मग चिमट्याने बाकीचे सोला.

शिंग, गोंडा अशा बारीक तुकड्यांना मी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं पारदर्शक सिलिकॉन वापरते. टूथपिकच्या टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब. तुकडा त्यावर ठेवायचा, दाबायचा नाही. पाच मिनिटं हवा तसा सरकवता येतो, शिंगाचं टोक थोडं जास्त उचलून तिरपंही ठेवता येतं, जे फोमने जमत नाही. वाळताना व्हिनेगरसारखा वास सुटतो, खिडकी उघडी ठेवा. कार्ड चोवीस तास आडवं, वर काही न ठेवता.

वाळलं की खिडकीच्या कडेला नेऊन तिरप्या उजेडात बघा. जिथे सावलीच नाही तिथे थर कमी उठलाय. शिंगाखाली एक जास्तीचा थेंब भरता येतो.

तळाचं कार्ड आणि बोजाऱ्याचा खिसा

घडी मात्र नंदी चढवण्याआधी घालायची. हे खरं तर वर लिहायला हवं होतं, पण काकूंना मी नेहमी इथेच सांगते आणि त्या नेहमी चिडतात.

आयव्हरीचा २५.४ बाय १७.८ तुकडा कापा. लांबीच्या मध्यावर, १२.७ वर दोन्ही कडांना खूण करा. पट्टी लावून रिकाम्या रिफीलने दाबून रेघ ओढा, दोनदा. ही घडी ए४ च्या आखूड बाजूला समांतर येते, आणि ए४ कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात, म्हणजे आपण तंतू मोडतोय. रेघ न ओढता दुमडलं तर घडी खरखरीत होऊन फुटते. दुमडताना रेघेचा खळगा बाहेरच्या अंगाला आणि उंचवटा घडीच्या आत यायला हवा. उलटं वाटतं, पण घडी अशीच स्वच्छ बसते. कार्ड वरून उघडणारं, आडवं.

खिशासाठी १७ बाय ७ सेंटीमीटरची पट्टी घ्या. दोन आखूड बाजू आणि खालची लांब बाजू प्रत्येकी पाच मिलीमीटर आत दुमडा, खालचे दोन कोपरे तिरपे छाटा. उरतो १६ बाय साडेसहाचा खिसा; आतल्या पानावर खालच्या बाजूला चिकटवा. पन्नास, शंभर किंवा पाचशेची नोट घातली की तिची वरची कड एखाद मिलीमीटर डोकावते, पोरांना ती लगेच दिसते. घडी नीट मिटावी म्हणून खिशाला फोम लावू नका.

पाठवायचं असेल तर

हातोहात द्यायचं असेल तर काम झालं. भाचा पुण्याला असल्यामुळे मला एक कार्ड दरवर्षी पोस्टात टाकावं लागतं, आणि तिथे हिशेब बदलतो. ३०० जीएसएमचं आपलं कार्ड साडेतेरा ग्रॅम, थर चारेक ग्रॅम, फोम आणि पाकीट धरून साध्या पत्राचा २० ग्रॅमचा पहिला टप्पा ओलांडला जातो. घरच्या काट्यावर भरवसा न ठेवता पोस्टात वजन करूनच तिकीट लावा. शिक्क्याचा दणका नंदीच्या डोक्यावर बसू नये म्हणून मी उठावाच्या भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट ठेवते: १७.८ बाय १२.७चा तुकडा, मधोमध चित्राएवढी खिडकी, जाडी सहा मिलीमीटर होईपर्यंत दोन-तीन थर. वरून एक सपाट पुठ्ठा. हे सगळं बबल असलेल्या मोठ्या पाकिटात, स्पीड पोस्टने. नोट पोस्टातून पाठवत नाही, ती फोनवरून जाते. खिशात नंदीचं एक छोटं कागदी चाक घालते, उरलेल्या चौथ्या प्रतीतून कापलेलं.